रुमालाआडचा आवाज

मिस चेऊलकर कुत्र्यांना घाबरायच्या. लिफ्टला घाबरायच्या, ट्रामला घाबरायच्या. वीज चमकली की बोलता बोलता थांबायच्या आणि गडगडाट संपेपर्यंत टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहायच्या. हॉस्पिटलच्या धोबीखान्यावर एक लांबट खोली होती, तिथे त्यांचा वर्ग भरायचा. कपड्यांच्या गाठोड्यांसाठी तिथे लिफ्ट होती, पण मिस मागच्या लोखंडी जिन्याने यायच्या. तो जिनाही त्यांना नकोसा वाटायचा, कारण पायऱ्यांच्या फटींतून खालचं दिसायचं. वर आल्या की आधी खिडक्यांच्या कड्या बघायच्या, मग दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. तोंडात कायम लवंग. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत नाडीचे बूट. पन्नाशीकडे झुकलेली ही बारीकशी बाई आपल्याला इंग्रजी शिकवणार म्हटल्यावर पहिल्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुली हसल्या होत्या. तास संपला तेव्हा त्यांतली एक हुंदके देत होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बहुतेक मुली लालबाग-परळच्या चाळींतल्या, मराठी शाळेत शिकलेल्या. व्याख्यानं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, डॉक्टर बोलणार ते इंग्रजीत. पहिलं वर्ष आम्ही पाठांतरावर काढलं. वॉर्डात डॉक्टर काहीही म्हणाले तरी आमचं उत्तर ठरलेलं, "येस डॉक्टर." ते पुढे गेले की जिला थोडंफार कळलं असेल तिला गाठायचं आणि तिच्यावर भरवसा ठेवायचा. तिला तरी कळलंय का, हे कोणी विचारत नव्हतं. आठवड्यातून दोन दुपारी इंग्रजीचा जादा वर्ग लागलाय असं मी घरी सांगितलं, तेव्हा आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "इंग्लिश नाय इला म्हणान कोण मरता गो?"

मिसनी त्याचं उत्तर पहिल्याच तासाला दिलं.

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, औषध मोजायचा काचेचा छोटा पेला काढला. मग कमरेचा मोठा रुमाल काढून नाकातोंडावर बांधला. "थिएटरमध्ये डॉक्टरचे ओठ दिसत नाहीत," त्या रुमालाआडून मराठीत म्हणाल्या. "आणि घाईत असलेला डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलत नाही." एवढं सांगून त्यांनी आमच्याकडे पाठ केली, आणि त्या अंगातून भलताच माणूस बोलायला लागला. जाड आवाजाचा, वैतागलेला, अर्धे शब्द गिळणारा सर्जन. त्यानंतर मद्रासकडचा एक डॉक्टर आला, मग एक म्हातारा पारशी डॉक्टर, मग पाळी करून थकलेला, पुटपुटणारा एक तरुण. प्रत्येकजण एकेक हुकूम सोडत होता, आणि जिचं नाव घेतलं जाईल तिने उठून तेवढं पाणी पेल्यात ओतायचं होतं. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणाऱ्या बाईत इतके पुरुष कुठे राहत होते कोण जाणे. आम्हाला खरोखरच भीती वाटायला लागली.

मागच्या बाकावरच्या एका मुलीला त्यांनी फिफ्टीन मिनिम, म्हणजे जेमतेम पंधरा थेंब, सांगितलं. तिने फिफ्टी ऐकलं आणि ओतलं. मिसनी रुमाल खाली ओढला, पेला खिडकीच्या उजेडात धरला.

"गेला तुझा पेशंट," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "आता जा, त्याच्या आईला सांग."

दुसऱ्या एका मुलीला त्यांनी आई म्हणून दाराशी बसवलं. चुकलेली मुलगी हसत हसत तिच्यासमोर गेली.

"हसत नाही सांगत," मिस म्हणाल्या. "आणि मराठीत सांग. आईशी तू मराठीतच बोलणार ना?"

मुलीने तोंड उघडलं. समोर बसलेली मैत्रीण तिच्याकडे बघत होती. "तुमचा..." एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मिसनी तिला पाणी दिलं, पण सोडलं नाही. वाक्य पुरं करायलाच लावलं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. शेवट लांबला तर टीन, तुटला तर टी. पण तोंडावर कापड असलं की दोन्ही सारखीच ऐकू येतात, म्हणून कानावर विसंबायचं नाही, विचारायचं. त्या वर्षी त्यांनी आम्हाला बरंच काही शिकवलं, पण फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातलं एक वाक्य कधी पुसलं नाही. आय हॅव नॉट अंडरस्टुड, डॉक्टर. प्लीज से इट अगेन. मला समजलं नाही, पुन्हा सांगा. व्याकरण मागाहून येईल, त्या म्हणायच्या, आधी हे आलं पाहिजे. रोज कोणाला तरी हे वाक्य म्हणून यायचं हा घरचा अभ्यास. मी कोपऱ्यावरच्या इराण्याला म्हटलं तर तो म्हणाला, "बेटा, पाव संपला बोललो. यात काय नाय समजला?"

सगळ्यांनी म्हटलं. फक्त शेवंता जाधवने म्हटलं नाही.

शेवंता भोईवाड्याच्या चाळीत राहायची. आमच्यातल्या बऱ्याच जणींसारखे तिचेही वडील गिरणीत होते. आमच्यात लिहायला तीच पुढे; तिचं अक्षर आणि तिची उत्तरं बघून मॅट्रनसुद्धा मान डोलवायच्या. पण समोरून कोणी इंग्रजीत बोललं की ती खाली बघायची आणि येस म्हणायची. कळलं तरी येस, नाही कळलं तरी येस. मिसनी तिला वर्गात कधी टोचलं नाही. एका संध्याकाळी फक्त म्हणाल्या, "जाधव, मला परळ नाक्यावर ट्रामचा रस्ता ओलांडवत नाही. रोज पलीकडे सोडशील का?"

माझी वाट तीच, म्हणून मी मागून चालायचे. मिस शेवंताचा दंड धरायच्या आणि दोघी निघायच्या. वाटेतल्या दुकानांच्या इंग्रजी पाट्या शेवंता मोठ्याने वाचायची. आपण गावच्या शाळेत दाराबाहेर बसायचो, हे तिने मिसना अशाच एका संध्याकाळी सांगितलं. आतलं नीट ऐकू यायचं नाही. एकदा तिने गुरुजींना म्हटलं, पुन्हा सांगा. गुरुजींनी आतूनच पट्टी फेकून मारली आणि ऐकू येत नसेल तर घरी बस म्हणाले. त्यानंतर तिने शाळेत कोणालाही काही विचारलं नाही. मिसनी ऐकून घेतलं. दंड तेवढा थोडा घट्ट धरला असावा, कारण शेवंताने त्यांच्या हाताकडे पाहिलं.

फुटपाथच्या कडेशी आल्या की मिस इंग्रजीत काहीतरी पुटपुटायच्या, नेमक्या ट्रामच्या खडखडाटात, आणि उभ्या राहायच्या. शेवंता येस म्हणायची. मिस हलायच्या नाहीत. ट्राम जायची, दुसरी यायची, त्या पुन्हा पुटपुटायच्या. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी कंटाळून मीच रस्ता मोकळा आहे म्हणायचे आणि आम्ही पलीकडे जायचो. एका संध्याकाळी मात्र मी गप्प राहिले. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, माणसांचे लोंढे आमच्या दोन्ही बाजूंनी गेले, तरी या दोघी तिथेच. मग शेवंता एकदम चिडल्यासारखी म्हणाली, "आय हॅव नॉट अंडरस्टुड, मिस. प्लीज से इट अगेन." मिसनी त्याच क्षणी पाऊल टाकलं. पुढच्या तासाला त्या पितळी डब्यातून मलिदा घेऊन आल्या, पोहे, गूळ, खोबरं, वर सुकामेवा. त्या बेने इस्रायली ज्यू, अलिबागकडच्या. भायखळ्याला भावाच्या बिऱ्हाडात राहायच्या. "आमच्यात नवस फेडायचा असला की हा करतात," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या पूर्वी याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. वॉर्ड का सोडला ते कोणाला ठाऊक नव्हतं. वर्ग संपला की त्या मागच्या जिन्याने उतरून थेट फाटकाबाहेर जायच्या. वॉर्डाच्या इमारतीत पाऊल टाकताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

गोळीबाराच्या दिवसांत एकदा आमचा वर्ग चालू असतानाच लालबागच्या बाजूने फटफट आवाज यायला लागले. आधी फटाके वाटले. मिस बोलायच्या थांबल्या, खिडक्या लावायला उठल्या आणि कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. डोळे चुरचुरायला लागले, कोणीतरी म्हणालं अश्रुधूर आहे. मग घंटा वाजवत गाड्या यायला लागल्या. त्यांच्यामागून हातगाड्या, उचलून आणलेल्या खाटा. एक सिस्टर धावत वर आली आणि आम्हा सगळ्यांना खाली घेऊन गेली. जिन्यात मी मागे वळून बघितलं तर मिस कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या.

अपघात विभागात उभं राहायला जागा नव्हती. जमिनीवर माणसं झोपवलेली, कपड्यांना रक्त आणि मातीचा वास. बाहेर घोषणा चालू होत्या, मध्येच त्या तुटायच्या आणि पळण्याचे आवाज यायचे. मला एका टेबलाशी भांडं धरून उभं केलं. शेजारच्या टेबलावर लालबागचाच एक तरुण कामगार होता, पोटात गोळी लागलेला. त्याच्या सलाइनच्या बाटलीपाशी शेवंता होती. एक तरुण सर्जन तोंडावर मास्क बांधून त्याच्यावर वाकला होता. मान वर न करता तो म्हणाला, मिनिटाला इतके थेंब. मी तीन हातांवर होते, मला सिक्स्टी ऐकू आलं. की सिक्स्टीन. आजही मला सांगता येणार नाही.

शेवंता म्हणाली, "आय हॅव नॉट अंडरस्टुड, डॉक्टर. प्लीज से इट अगेन."

तो काहीतरी गुरगुरला. तेवढ्यात बाहेर पुन्हा आवाज झाले, कोणीतरी किंचाळलं. शेवंताचा हात बाटलीच्या नळीवरच्या चिमट्यावरच होता. तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, शब्द न् शब्द, वर्गात म्हणायचो तसं. सर्जनने हातातलं काम सोडलं, कोपराने मास्क खाली ओढला आणि तिच्या तोंडावर ओरडला, "सिक्स्टी. आर यू डेफ?" तिने चिमटा सैल केला आणि घड्याळाकडे बघत थेंब मोजायला लागली. तिचे ओठ हलत होते.

दिवे लागायच्या सुमाराला तो मुलगा गेला. सर्जनने हातमोजे काढून टाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं शेवंताला म्हणाला, "यू स्टुड देअर आर्ग्युइंग, अँड द मॅन इज डेड." तू वाद घालत उभी राहिलीस आणि माणूस मेला. हे मात्र तिला एकदा ऐकून समजलं.

सिस्टरने मला बाहेर पिटाळलं, मुलाची आई व्हरांड्यात आहे, तिला सांग म्हणून. व्हरांड्यात बाकावर नऊवारीतली एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर मुलाच्या चपला होत्या, कोणीतरी रस्त्यावरून उचलून आणून दिलेल्या. तिच्या शेजारी तिचा हात हातात घेऊन मिस चेऊलकर बसल्या होत्या. दुपारपासून त्या तिथेच होत्या, हे मला मागाहून कळलं. मी समोर जाऊन उभी राहिले. मिसनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे वळल्या.

"बाई, तुमचा मुलगा गेला," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?" ती बाई म्हणाली. "मला नाय समजलं."

मिसनी पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेवंता कामावर आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सर्जनने तक्रार केली होती. ऐन घाईत उलट प्रश्न करणारी मुलगी नको, अशा मुलींना इंग्रजी येत नसताना घेताच कशाला, असं तो जेवणाच्या खोलीत बोलल्याचंही कानावर आलं. मॅट्रननी मिसना निरोप पाठवला, जाधवला घेऊन मला भेटा. तेव्हा मिसनी मला गाठलं. "परब, तुला भोईवाड्याचा रस्ता माहीत आहे. मला ने."

कर्फ्यू थोडा वेळ उठवला होता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यावर दगड, काचा आणि चपलाच चपला. माणसं भिंतीच्या कडेने भराभर चालत होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मिसनी माझा दंड असा धरला होता की संध्याकाळी तिथे निळं झालं. भोईवाड्याच्या कोर्टाजवळ पोलिसांची गाडी उभी होती. एका शिपायाने हटकलं, "कुठं निघालात?" मिसचे ओठ हलले, आवाज आला नाही. मीच हॉस्पिटलचं नाव सांगितलं. गाडी नजरेआड झाल्यावर त्या अगदी हळू म्हणाल्या, "परब, तो मुलगा माझ्या त्या वाक्याने तर गेला नसेल ना?"

मी दोन दिवस तेच स्वतःला विचारत होते.

चाळीच्या जिन्यात कुत्रं झोपलं होतं. मी त्याला हाकललं, तरी ती पायरी चढताना मिसनी डोळे मिटून घेतले. शेवंताचे वडील दाराशीच बसले होते. गिरण्या बंद होत्या. त्यांनी उठून मिसना आत बसायला सतरंजी दिली.

"पोर दोन दिस झालं जेवली न्हाई," ते म्हणाले. "रातची उठून बसती आन् काय तरी मोजती. ऱ्हाऊ द्या बाई. न्हाई व्हायचं तिला नर्स."

शेवंता चुलीकडे तोंड करून बसली होती. मिस तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"मिस," शेवंता म्हणाली, "मी पहिल्या वेळीच बरोबर ऐकलं होतं. सिक्स्टीच होतं. मी विचारलं नसतं तर तो जगला असता?"

"मला माहीत नाही," मिस म्हणाल्या.

मी उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं होतं, त्या म्हणतील नाही गं, तसं काही नसतं.

"मला माहीत नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "गोळी पोटात होती. तो जाणारच होता असं सिस्टर म्हणतात. मला खात्री नाही. पण एकदा मी विचारलं नव्हतं, ते मला माहीत आहे. तुझ्याएवढी होते. डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही. भीती वाटली. येस म्हणाले आणि मला वाटलं तेवढं औषध दिलं. लहान मूल होतं."

शेवंताने पहिल्यांदाच मान वळवली. "त्याच्या आईला कोणी सांगितलं?"

"दुसऱ्या कोणीतरी. मी मोरीत कडी लावून बसले होते. तिचा आवाज ऐकू येत होता." मिस थांबल्या. "तुझी भीती जाईल असं मी तुला कधी म्हटलं नाही, जाधव. माझी गेली नाही. उद्या मॅट्रनकडे जायचं म्हणून मला आत्तापासून मळमळतंय. पण तू नाही आलीस तर मी एकटी जाईन, आणि एकटीने माझ्याच्याने बोलवणार नाही."

शेवंताच्या वडिलांनी पोरीकडे बघितलं आणि तोंड फिरवून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने शेवंताने उठून मिसना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅट्रनच्या खोलीबाहेर मिसना खरोखरच उलटी झाली. मी कोपऱ्यातल्या मोरीपाशी त्यांचं डोकं धरलं. त्यांनी तोंड धुतलं, लवंग तोंडात टाकली, पदर नीट केला आणि शेवंताला घेऊन आत गेल्या. साक्षीदार म्हणून मला दाराशी थांबायला सांगितलं होतं. दार अर्धं उघडं होतं.

मॅट्रन गोव्याकडच्या, उंच, धिप्पाड. वॉर्डात त्या इंग्रजीशिवाय बोलायच्या नाहीत. त्यांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? मिसनी सुरुवात केली, "मॅट्रन, आय..." आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "आय..." आमच्या सगळ्या डॉक्टरांचे आवाज काढणाऱ्या, आम्हाला क्रियापदाचं एकेक रूप शिकवणाऱ्या मिसना इंग्रजीतला एक शब्द सापडेना. टेबलाची कड धरलेल्या त्यांच्या बोटांची नखं पांढरी पडली होती. शेवंता त्यांच्याकडे बघत होती.

मग त्या मराठीत बोलायला लागल्या.

"विचारायला तिला मी शिकवलं. गुन्हा असला तर माझा आहे. पण मॅट्रन, ही मुलगी गेली तर उद्यापासून बाकीच्या मुली काय करतील हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या येस डॉक्टर म्हणतील आणि ऐकू येईल ते करतील. मी तेच केलं होतं. तेव्हा तुम्ही त्याच वॉर्डात होता. तुम्ही मला मोरीतून बाहेर काढलंत."

मॅट्रन खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर कुठेतरी गाडीची घंटा वाजत होती, ती जवळ आली आणि थांबली.

"द गर्ल स्टेज," त्या शेवटी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "युवर क्लास स्टॉप्स, हॅना. आय मस्ट गिव्ह हिम समथिंग."

मुलगी राहील, वर्ग बंद होईल. सर्जनला काहीतरी देणं भाग होतं, ते असं दिलं गेलं. मिसचं पहिलं नाव हॅना, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"थँक यू, मॅट्रन," मिस म्हणाल्या. बाहेर येऊन त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या, आणि त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. शेवंता त्यांच्या शेजारी बसून राहिली.

धोबीखान्यावरच्या खोलीत पुढे जुन्या गाद्या रचल्या गेल्या. आमच्यातल्या निम्म्या मुली रविवारी भायखळ्याला मिसच्या घरी जायला लागल्या. त्यांच्या भावाच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली रुमाल बांधून त्या हुकूम सोडायच्या आणि खालून जाणारी माणसं वर बघायची. शेवंताला मात्र बरेच महिने लागले. त्या काळात ती पुन्हा सगळ्याला येस म्हणत होती, आणि मग कोणाला न कळू देता मला किंवा दुसऱ्या कोणाला गाठत होती. मिसना मी ते सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला, पण त्या शेवंताला काही बोलल्या नाहीत. तिला बसवून पुन्हा आकडे ऐकायला लावले, पुन्हा पाणी ओतायला लावलं, रविवारमागून रविवार.

एके सकाळी बायकांच्या वॉर्डात राउंड चालू होता. एक पोक्त डॉक्टर चालता चालता काहीतरी सांगून पुढे गेले. शेवंता त्यांच्या मागोमाग चार पावलं गेली आणि म्हणाली, तुम्ही काय म्हणालात ते मला समजलं नाही. मी दोन खाटांपलीकडे होते. डॉक्टर वळले, आकडा पुन्हा सांगितला आणि पुढच्या खाटेकडे गेले. बस, एवढंच. कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिने औषध मोजलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

आम्ही पास झालो. शेवंताच्या घरच्यांनी मधल्या काळात बौद्ध धर्म घेतला होता. ती स्टाफ नर्स झाली, मग नव्या मुलींना तिच्या हाताखाली द्यायला लागले. तिच्या हाताखालच्या मुली फार प्रश्न विचारतात, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली. राज्य झालं, मिरवणुका निघाल्या, परळच्या चाळींवर दिवे लागले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मिसच्या भावाने सगळं बिऱ्हाड इस्रायलला न्यायचं ठरवलं. मिसना जायचं नव्हतं. समुद्राची त्यांना अतोनात भीती होती, आणि पलीकडे भाषाही नवी होती. पण मागे एकट्या राहायचं म्हणजे त्याहून मोठी भीती. निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "रात्री उठून बसते. बोट बुडाली तर काय करायचं, ते कोणी सांगतच नाही." शेवंता त्यांचे पाय चेपत बसली होती.

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर आम्हाला कठड्याच्या आत सोडलं नाही. गर्दी, हमालांच्या हाका, ट्रंका, वळकट्या, डिझेलचा वास. खूप वेळाने बोटीच्या शिडीपाशी चेऊलकरांचं बिऱ्हाड दिसलं. भाऊ, भावजय, मुलगे, सुना. सगळ्यांत मागे मिस, पांढऱ्या पातळावर भावाचा जाड कोट घालून. भावाची धाकटी नात शिडी बघून बिथरली होती. ती जमिनीवर बसून हातपाय झाडत होती आणि तिची आई ओझी सांभाळत तिच्यावर ओरडत होती. मिस खाली वाकल्या, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि शिडीवर चढायला लागल्या. मध्येच थांबल्या. खाली पाण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग लगेच मान वळवून पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. एक पायरी चढायच्या, थांबायच्या, बोलायच्या, पुढची चढायच्या. त्या काय बोलत होत्या, मराठीत की इंग्रजीत की त्या नव्या भाषेतले शिकलेले दोनचार शब्द, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. पोरगी मात्र रडायची थांबली होती आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.